कापलेली नर्व्ह वाढते, पण वेळेत पोचते का?

प्रश्न थोडक्यात असा होता: भावाच्या दंडात कोपराच्या जरा वर काच घुसली, अल्नर नर्व्ह (कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारा मज्जातंतू) पूर्ण कापली गेली, त्याच आठवड्यात ऑपरेशन करून जोडली, आता पाच महिने झाले तरी करंगळी बधिरच आहे, हातात जोर नाही, आणि डॉक्टर फक्त थांबा म्हणतात. नर्व्ह खरंच परत वाढते का, वाढत असेल तर मणक्याला मार लागलेल्यांची का नाही वाढत, स्टेम सेलने काही होतं का, आणि बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या किती दिवस चालू ठेवायच्या.

आधी एक सांगते, मी पेशंट तपासणारी डॉक्टर नाही. मी न्यूरोसायंटिस्ट आहे, नर्व्ह कापल्यावर ती परत कशी वाढते यावरच माझं बरंचसं काम झालंय, उंदरांवर आणि डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवर, आणि हाताच्या सर्जन लोकांबरोबर सतत उठबस असल्यामुळे पेशंटकडची बाजूही बऱ्यापैकी माहिती झालीये. त्यामुळे तुमच्या सर्जनने हात बघून काही वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका, मी फक्त आत काय चाललंय ते सांगू शकते.

पाच महिन्यांत करंगळी बधिर असणं अगदी अपेक्षित आहे. हिशोब करून बघा. माणसात ॲक्सॉन, म्हणजे नर्व्हच्या आतला बारीक धागा, साधारण दिवसाला १ मिलिमीटर वाढतो, त्यातले सुरुवातीचे तीनचार आठवडे तर जोडलेली जागा ओलांडण्यातच जातात, म्हणजे पाच महिन्यांत फार तर १२ सेंटिमीटर. कोपराच्या वरून करंगळीच्या टोकापर्यंत अंतर असतं ४० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे आत्ता सगळं नीट चाललं असेल तर पुढे गेलेली टोकं कुठेतरी हाताच्या मधल्या भागात, कोपर आणि मनगटाच्या दरम्यान असतील, करंगळीला त्यातलं काही अजून कळलेलंच नाही.

मुळात "जोडली" म्हणजे काय हे कुणी नीट सांगत नाही म्हणून गोंधळ होतो. लोकांना वाटतं वायर तुटली होती, जोडली, आता करंट जायला हवा. तसं नाहीये ते. सर्जन मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्याने नर्व्हचं फक्त बाहेरचं आवरण शिवतात. आतले हजारो ॲक्सॉन कुणीही जोडत नाही, जोडताच येत नाहीत. आणि कापलेल्या जागेच्या पुढचा, म्हणजे हाताकडचा प्रत्येक ॲक्सॉन मरतोच, कितीही सुंदर शिवलं तरी. कारण ॲक्सॉन म्हणजे एका पेशीचाच लांब धागा आहे, ती पेशी बसलीये मानेच्या खालच्या भागात मज्जारज्जूत किंवा त्याच्या शेजारच्या गाठीत, तिच्यापासून तुटलेला भाग जगू शकत नाही. म्हणून ऑपरेशन म्हणजे फक्त रस्ता सरळ लावून देणं, चालायचं ॲक्सॉनने, तेही पहिल्यापासून.

हा पुढचा भाग मरतो हे पहिल्यांदा नीट दाखवलं ऑगस्टस वॉलरने, १८५० मध्ये, बेडकाच्या जिभेच्या नर्व्ह कापून. त्याच्या नावावरून अजूनही वॉलेरियन डिजनरेशन म्हणतात. यात एक गंमत आहे जी तुमच्या कामाची नसली तरी दुसऱ्या कुणाच्या असेल: कापल्यावर पुढचा तुकडा लगेच मरत नाही. काही दिवस तो तुटलेला असूनही करंट नेतो. म्हणून अपघातानंतर दुसऱ्या दिवशी एनसीव्ही, म्हणजे नर्व्हमधून करंट कसा जातो ते बघणारी टेस्ट केली आणि जखमेच्या खाली करंट देऊन बघितला तर रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो, आणि नर्व्ह पूर्ण कापलेली असते! स्नायूकडे जाणारे धागे आठवडाभरात बंद पडतात, संवेदनेचे दहाअकरा दिवसांत, आणि ईएमजीची, म्हणजे स्नायूतला करंट मोजणारी, सुई घालून स्नायूत बदल दिसायला तीन आठवडे तरी जावे लागतात. घाईत केलेली टेस्ट खोटा दिलासा देते, आणि तो दिलासा महागात पडतो कारण पुढे सगळा खेळ वेळेचाच आहे.

बरं, हे मरणं म्हणजे नुसतं कुजणं असंच बरीच वर्षं समजत होते. मग १९८९ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये एक उंदरांची जात सापडली जिच्यात कापलेला ॲक्सॉन दीडदोन दिवसांत मरण्याऐवजी दोनतीन आठवडे तसाच टिकून राहायचा. म्हणजे मरण्यासाठी आत काहीतरी ठरलेली यंत्रणा आहे आणि या उंदरांत ती अडकलीये. पुढे २०१२ मध्ये सार्म१ नावाचं प्रोटीन सापडलं, ते काढून टाकलं की कापलेला ॲक्सॉन असाच टिकतो, आणि २०१७ मध्ये कळलं की हे प्रोटीन स्वतःच ॲक्सॉनमधलं एनएडी खाऊन टाकतं, म्हणजे त्याचं इंधनच संपवतं. केमोथेरपीने किंवा इतर कारणाने नर्व्ह खराब होतात तिथे हे थांबवता आलं तर मोठीच गोष्ट होईल, औषध कंपन्या मागे लागल्यात. पण तुमच्या भावासारख्या केसमध्ये उपयोग नाही, उलट त्या ऑक्सफर्डच्या उंदरांमध्ये संवेदनेच्या ॲक्सॉनची परत वाढ उशिरा सुरू झाली, कारण जुना मलबा हलल्याशिवाय नव्याला जागाच मिळत नाही.

मलबा कोण हलवतं तर श्वान सेल. माझ्या मते या सगळ्या गोष्टीत सगळ्यात दुर्लक्षित पात्र हेच आहे. एरवी या पेशी ॲक्सॉनभोवती मायलिनचं वेष्टण गुंडाळून निवांत बसलेल्या असतात. ॲक्सॉन मेला की काही दिवसांत त्या आपलं कामच बदलतात: स्वतःचं मायलिन स्वतः पचवायला लागतात, मलबा खाणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना बोलावून घेतात, वाढीला मदत करणारी द्रव्यं सोडतात, आणि लांबट होऊन एकापुढे एक रांगेत उभ्या राहतात. या रांगांना ब्युंगनर बँड म्हणतात आणि ॲक्सॉन त्यांच्याच आधाराने पुढे सरकतो. यासाठी त्यांच्यात सी-जून नावाचा एक जीन चालू व्हावा लागतो, लंडनच्या जेसन आणि मिर्स्की यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की श्वान सेलमधून तो काढला तर नर्व्हची दुरुस्ती पार कोलमडते. म्हणजे या पेशी परत बाळपणात जातात असं जे पूर्वी लिहायचे ते अर्धवट आहे, दुरुस्तीसाठी त्यांचं एक वेगळंच रूप तयार होतं.

वाईट भाग असा की हे रूप कायम टिकत नाही. ॲक्सॉनची वाट बघत महिनेच्या महिने गेले की श्वान सेल हळूहळू कमी होतात, मदतीची द्रव्यं सोडणं थांबवतात. संशोधक टेसा गॉर्डन यांनी उंदरांत हे फार नीट मोजून दाखवलंय, नर्व्ह उशिरा जोडली की पोचणारे ॲक्सॉन खूप कमी होतात, आणि स्नायू म्हातारा झाला म्हणून तेवढं होत नाही, वाटेवरच्या श्वान सेल थकल्या म्हणून होतं. स्नायूचंही आपलं घड्याळ असतंच. साधारण बारा ते अठरा महिन्यांत ॲक्सॉन आला नाही तर स्नायू आकसून त्याजागी फायब्रस टिश्यू आणि चरबी होत जाते, मग उशिरा आलेला ॲक्सॉन काही करू शकत नाही. संवेदनेची मुदत त्यापेक्षा बरीच मोठी, तिथे दोनतीन वर्षांनीसुद्धा थोडं थोडं येत राहतं.

आता हा आकडा आणि वरचा हिशोब शेजारी ठेवा. हातातले बारीक स्नायू, बोटं फाकवणारे आणि अंगठा-तर्जनीची चिमूट घट्ट धरणारे, कोपराच्या वरून ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब. म्हणजे पोचायलाच वर्षभर. मुदत आणि प्रवास जवळजवळ सारखेच. म्हणून वरची अल्नर जखम ही सर्जन लोकांना नकोशी वाटणारी केस आहे आणि म्हणूनच हा प्रश्न तुम्ही पुढच्या भेटीत नक्की विचारा: मनगटाजवळ नर्व्ह ट्रान्सफर करायची गरज आहे का? यात हाताला मनगटाजवळ फिरवणाऱ्या एका छोट्या स्नायूकडे जाणारी मीडियन नर्व्हची (हाताची दुसरी मोठी नर्व्ह) बारीक फांदी घेतात, तिचं काम दुसरा स्नायू करू शकतो त्यामुळे फारसं बिघडत नाही, आणि ती अल्नरच्या हाताकडे जाणाऱ्या भागाला जोडतात. मग ॲक्सॉनला ३० ऐवजी थोडेच सेंटिमीटर जायचं राहतं. सरसकट सगळ्यांना करावं की नाही यावर सर्जनांमध्ये वाद आहेत, पण करायचं असलं तर ते लवकर करायचं असतं, दीड वर्ष वाट बघून मग विचारण्यात अर्थ नाही. हीच कल्पना १९९४ मध्ये ओबर्लिन या फ्रेंच सर्जनने कोपर वाकवण्यासाठी वापरली होती, चालू असलेल्या अल्नरमधला एक छोटा गठ्ठा काढून बायसेप्सच्या नर्व्हला जोडला, आणि आता ते जगभर रुटीन झालंय.

नर्व्ह सरकतेय की नाही हे घरी कळतं का? बऱ्यापैकी कळतं. कोपराच्या आतल्या बाजूचं हाड लागतं ना हाताला, तिथून करंगळीच्या रेषेत मनगटाच्या दिशेने नर्व्ह जाते. मनगटाकडून सुरू करून बोटाच्या टोकाने हलके हलके ठोकत वर यायचं. जिथे करंगळीत झिणझिण्या गेल्यासारखं होईल, तिथे सगळ्यात पुढचे संवेदनेचे ॲक्सॉन पोचलेत. त्या जागेचं हाडापासूनचं अंतर टेपने मोजून तारखेसह लिहून ठेवायचं, महिन्यातून एकदा पुरे, रोज ठोकत बसू नका. महिन्याला अडीचतीन सेंटिमीटर पुढे सरकत असेल तर छान. याला टिनेल साइन म्हणतात, ज्यूल टिनेलने १९१५ मध्ये महायुद्धातल्या जखमी सैनिकांमध्ये हे बघून लिहिलं, त्याच वर्षी जर्मनीत हॉफमननेही लिहिलं, दोघं युद्धाच्या दोन बाजूंना. याच्यावर अति विसंबूही नका, थोडेसे ॲक्सॉन पुढे गेले तरी झिणझिण्या येतात आणि स्नायूकडच्यांचं काय झालं ते यातून कळत नाही. पण तीन महिने ती जागा हललीच नाही, जोडल्याजागीच अडकलीये, तर सर्जनला लगेच दाखवा, तिथे गाठ झालेली असू शकते.

अजून एक, जे आधी सांगितलेलं नसलं की घरचे हमखास घाबरतात. परत येण्याचा क्रम वरून खाली असतो. आधी मनगट आतल्या बाजूला वाकवणारा स्नायू, मग करंगळी आणि अनामिकेची टोकं वाकवणारा, आणि सगळ्यात शेवटी हाताच्या पंजातले बारीक स्नायू. आता मधला टप्पा आला म्हणजे टोकं वाकवणारा स्नायू चालू झाला पण त्याला सांभाळणारे पंजातले अजून झोपलेत, तेव्हा बोटं आधीपेक्षा जास्त वाकडी, नखं आत वळल्यासारखी दिसायला लागतात. सगळ्यांना वाटतं बिघडलं, आणि प्रत्यक्षात नर्व्ह पुढे सरकल्याची ती खूण असते. तेवढ्या काळात बोटांच्या मुळाशी आधार देणारा छोटा स्प्लिंट वापरायचा आणि सांधे रोज दुसऱ्या हाताने पूर्ण सरळ-वाकडे करत राहायचं. हे कंटाळवाणं काम आहे पण सांधे एकदा आखडले की नर्व्ह येऊनही बोट हलत नाही, आणि अशा हातांबद्दल मी खूप ऐकलंय सर्जन मित्रांकडून. बधिर करंगळी गरम भांड्याला, इस्त्रीला लागून भाजते आणि कळतही नाही, त्याचीही काळजी घ्या.

वेळेइतकाच दुसरा प्रश्न, योग्य ठिकाणी पोचण्याचा. जोडलेल्या जागी हजारो ॲक्सॉन समोरच्या हजारो नळ्यांमधून कुठल्यातरी एकीत शिरतात. स्नायूचा ॲक्सॉन कातडीकडे जाणाऱ्या नळीत गेला तर तो वाया गेला, करंगळीचा अनामिकेत गेला तर मेंदूला वाटणार करंगळीला हात लागला. चेहऱ्याच्या नर्व्हमध्ये हे उघड दिसतं, पॅरालिसिस बरा झाल्यावर काही लोकांचा हसताना डोळा मिटतो, काहींना जेवताना डोळ्यातून पाणी येतं, लाळेकडे जायचे धागे अश्रूंकडे गेलेले असतात. बेडकाला ही अडचण नाही. रॉजर स्पेरीने १९४० च्या दशकात बेडकांची डोळ्याची नर्व्ह कापून डोळा उलटा फिरवून बसवला. नर्व्ह परत वाढली, बेडकाला दिसायला लागलं, पण सगळं उलटं: माशी वर असेल तर बेडूक खाली झेप घेणार, आणि जन्मभर तसंच, शिकून सुधारला नाही. म्हणजे प्रत्येक ॲक्सॉन आपल्या मूळच्याच जागी परत गेला होता, डोळा फिरवलाय हे त्याला माहीतच नव्हतं. माणसाच्या हाताच्या नर्व्हमध्ये इतकी अचूकता नाही, पण आपल्याकडे बेडकाकडे नाही ते आहे, मेंदू शिकतो. म्हणून संवेदना यायला लागली की डोळे मिटून वेगवेगळ्या पोताच्या वस्तू ओळखायच्या, मग डोळे उघडून बघायचं, परत मिटून करायचं, हा जो सराव ऑक्युपेशनल थेरपिस्ट देतात तो टाइमपास नाहीये. लहान मुलांमध्ये रिझल्ट चांगले येण्याचं एक मोठं कारण हेच आहे.

आणि संवेदना आली की ती सुरुवातीला छान येत नाही हेही सांगून ठेवते. हेन्री हेड नावाच्या इंग्लिश न्यूरॉलॉजिस्टने १९०३ मध्ये स्वतःच्याच हाताच्या संवेदनेच्या नर्व्ह कापून परत जोडून घेतल्या, पेशंट नीट वर्णन करत नाहीत म्हणून! नंतर चारपाच वर्षं मित्र रिव्हर्सबरोबर बसून काय काय परत येतंय ते तपासत राहिला. आधी आलं ते टोचणं, गार-गरम, तेही नको तितकं जोरात आणि नेमकं कुठे ते कळेना, हलका स्पर्श आणि नेमकेपणा फार उशिरा आला. त्याने त्यावरून मांडलेली दोन वेगळ्या यंत्रणांची थिअरी आता कुणी मानत नाही पण क्रम पेशंटला ओळखीचा वाटतो. तेव्हा काही महिन्यांनी भाऊ म्हणाला की हाताला कापड लागलं तरी विचित्र करंट आल्यासारखं होतं, तर वैतागू नका.

वेग वाढवता येत नाही का, हा पुढचा साहजिक प्रश्न. ॲक्सॉनला लागणारा सांगाड्याचा माल पेशीतून टोकाकडे जातो तोच दिवसाला काही मिलिमीटर इतक्या संथ गतीने, त्यामुळे वरची मर्यादा आतूनच आलीये. वाढवता येतं ते सुरुवातीचं रेंगाळणं. सगळे ॲक्सॉन एकदम निघत नाहीत, काही लगेच निघतात, काही आठवडेच्या आठवडे जोडावर घुटमळतात. गॉर्डन यांच्याच गटाने २००० मध्ये दाखवलं की ऑपरेशननंतर लगेच नर्व्हला एक तास, सेकंदाला २० या दराने करंट दिला तर उंदरात जे काम आठदहा आठवड्यांत व्हायचं ते तीन आठवड्यांत होतं. मग माणसांत कार्पल टनेलच्या (मनगटात दबलेली नर्व्ह मोकळी करायच्या) ऑपरेशनमध्ये, बोटाच्या नर्व्हमध्ये छोट्या ट्रायल झाल्या, निकाल आशादायक आहेत. मात्र हा करंट ऑपरेशनच्या वेळी, जखमेच्या वरच्या बाजूला, नर्व्हला द्यायचा. फिजिओथेरपीत नंतर महिनोनमहिने स्नायूवर जो करंट देतात तो वेगळा प्रकार, त्याने ॲक्सॉन लवकर येतो असा भक्कम पुरावा नाही.

इथे थोडं माझ्याच धंद्याबद्दल बोलते. अमुक पानाच्या अर्काने, तमुक औषधाने नर्व्ह झपाट्याने भरून आली असे पेपर दर महिन्याला निघतात आणि बातम्या होतात. बहुतेकांमध्ये उंदराची सायॅटिक, म्हणजे पायाकडे जाणारी मोठी नर्व्ह चिमट्याने चिरडलेली असते, कापलेली नसते. चिरडल्यावर आतल्या नळ्या शाबूत राहतात, अंतर दोनतीन सेंटिमीटर, आणि उंदीर काहीही न करता तीनचार आठवड्यांत चालायला लागतो. जे आपोआप बरं होणारच आहे ते दोन दिवस आधी बरं झालं यावरून माणसाच्या ४० सेंटिमीटरबद्दल काहीही सांगता येत नाही. अशी बातमी दिसली की आधी चिरडली होती का कापली होती ते बघा.

आता मणक्याचं. शंभर वर्षं उत्तर हेच होतं की मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशींना वाढताच येत नाही. स्पेनच्या कहालने ॲक्सॉनच्या टोकाचा वाढता भाग १८९० मध्येच ओळखला होता, आणि त्याच्याच शिष्याने, टेयोने, १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या नर्व्हचा तुकडा ठेवला तर मेंदूतले धागे त्यात शिरतात असं दाखवलं. पण ते शिरलेले धागे नक्की कुठल्या पेशींचे हे सिद्ध करायची साधनंच नव्हती, त्यामुळे गोष्ट मागे पडली. ती साधनं आली तेव्हा मॉन्ट्रियलमध्ये सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी १९८१ मध्ये उंदराच्या मेंदूचा खालचा भाग आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये पायाच्या नर्व्हचा पूल टाकला, आणि मज्जारज्जूतल्या पेशींचे ॲक्सॉन त्या पुलावरून ३० मिलिमीटरपर्यंत गेले. पूल संपून परत मज्जारज्जूत शिरले की मिलिमीटर-दोन मिलिमीटरमध्ये थांबले. म्हणजे पेशीला वाढता येतं, आसपासचा भाग वाढू देत नाही.

मग शोध सुरू झाला की वाढू न देणारं आहे तरी काय. झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी १९८८ मध्ये दाखवलं की मज्जारज्जूतल्या मायलिनमध्येच ॲक्सॉनला थांबवणारी प्रोटीनं आहेत. डिशमध्ये हे बघायला मिळतं. खाली लॅमिनिनचा (वाढीला आधार देणारं प्रोटीन) थर असला की ॲक्सॉनचं टोक पसरट होऊन पुढे सरकत असतं, कडेने बारीक बोटं बाहेर काढतं, चाचपतं, मागे घेतं, परत दुसरीकडे काढतं, तासन्‌तास बघत बसावं असं. त्यात मेंदूच्या मायलिनचा अर्क टाकला की अर्ध्या तासात बऱ्याच टोकांची ती बोटं आत जातात, पसरट भाग आकसून बारीक दांडीसारखा होतो आणि हालचाल थांबते. मरत नाही, नुसता थांबतो. २००० मध्ये त्यातलं मुख्य प्रोटीन सापडलं, नाव ठेवलं नोगो. सगळ्यांना वाटलं झालं, हे काढलं की काम फत्ते. २००३ मध्ये तीन वेगवेगळ्या लॅबनी नोगो नसलेले उंदीर बनवले: एकांना चांगली वाढ दिसली, एकांना थोडी, एकांना जवळजवळ नाहीच. तरीही नोगोविरोधी अँटिबॉडी माणसांपर्यंत पोचली, मानेला ताजा मार लागलेल्या पेशंटवर युरोपात ट्रायल झाली, आणि २०२५ च्या सुरुवातीला लॅन्सेट न्यूरॉलॉजी या जर्नलमध्ये निकाल आला. मुख्य निकषावर फरक दिसला नाही, पण ज्यांची इजा अर्धवट होती त्यांच्यात काहीतरी सुधारणेचं चिन्ह होतं, म्हणून विषय अजून बंद झालेला नाही.

शिवाय जखमेभोवती व्रण तयार होतो, त्यातली कॉन्ड्रॉइटिन नावाची साखरेच्या साखळ्या असलेली द्रव्यंही अडवतात, ती पचवणारं एन्झाइम दिलं तर उंदरांत सुधारणा होते हे २००२ मध्ये दिसलं. त्यावर आम्ही सगळे व्रण म्हणजे शत्रू असं शिकवायचो आणि २०१६ मध्ये नेचरमध्ये पेपर आला की व्रणातल्या ॲस्ट्रोसाइट, म्हणजे मज्जारज्जूतल्या आधार देणाऱ्या पेशी, काढून टाकल्या तर वाढ सुधारत नाही, उलट बिघडते. इतकं सरळ काहीच नाहीये या विषयात.

माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलका प्रयोग मात्र वेगळाच आहे. संवेदनेची पेशी मणक्याशेजारच्या गाठीत असते आणि तिच्या ॲक्सॉनला दोन फांद्या असतात, एक हातापायाकडे, एक मज्जारज्जूत. पेशी एकच. हाताकडची कापली तर वाढते, मज्जारज्जूतली कापली तर नाही. पण आधी हाताकडची कापून आठवडाभर थांबून मग मज्जारज्जूतली कापली, तर मज्जारज्जूतलीही वाढते, त्याच नकोशा वातावरणात! बाहेरची जखम पेशीला जागं करते, वाढीचे जीन चालू होतात, आणि मग ती अडथळ्यांना तितकीशी जुमानत नाही. म्हणजे दोष वातावरणाचा आणि पेशीच्या इच्छेचा, दोन्हींचा आहे. २००८ मध्ये बॉस्टनमध्ये झिगांग ही (Zhigang He) यांच्या गटाने पीटेन नावाचा जीन काढून उंदराच्या डोळ्याची नर्व्ह वाढवून दाखवली, जी एरवी अजिबात वाढत नाही. पण पीटेन हा कॅन्सर रोखणारा जीन आहे, तो माणसात असा काढून टाकता येत नाही, त्यामुळे तिथून औषधापर्यंतचा रस्ता सोपा नाही.

स्टेम सेलबद्दल स्पष्ट बोलते. संशोधन खरं आहे, चांगल्या लॅब काम करतायत, पण आज पैसे घेऊन मणक्यात किंवा हातात पेशी टोचून नर्व्ह वाढवून देतो म्हणणारा कुणीही सिद्ध झालेला उपचार विकत नाहीये. २०१४ मध्ये एका न्यूरोसर्जरी जर्नलमध्ये एका तरुण बाईची केस आली, तिच्या मज्जारज्जूत नाकातल्या आवरणाच्या पेशी बसवल्या होत्या, आठ वर्षांनी पाठ दुखायला लागली म्हणून बघितलं तर तिथे नाकासारखंच चिकट द्रव बनवणारी गाठ वाढली होती. ट्रायल असेल तर तिची नोंदणी असते, पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, आणि काय बिघडू शकतं ते लेखी देतात. तुमच्या भावाला तर याची गरजच नाही, त्याच्या नर्व्हला वाढता येतंच आहे.

आणि मणक्याला मार लागलेले लोक चालताना दाखवणारे जे व्हिडिओ फिरतात, लोझानच्या कूर्टीन यांच्या गटाचे २०१८ चे वगैरे, ते काम अप्रतिम आहे पण त्यात तुटलेली नर्व्ह वाढवलेली नाही. जखमेच्या खालच्या मज्जारज्जूला इलेक्ट्रोडने करंट देऊन, जे थोडे धागे वाचलेत त्यांच्याकडून काम करून घेतलंय, जोडीला भरपूर सराव.

राहिल्या गोळ्या. रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी असेल तर ते भरून काढलंच पाहिजे, नाहीतर तीच एक वेगळी नर्व्हची तक्रार होऊन बसते, तेव्हा एकदा तपासून घ्या. लेव्हल चांगली असेल तर मिथाइलकोबालामिनने, म्हणजे गोळीतल्या बी-ट्वेल्व्हने, कापलेली नर्व्ह माणसात लवकर पोचते असा पटण्यासारखा पुरावा नाही, तरी बहुतेक डॉक्टर देतात, फारसं नुकसान नसतं म्हणून. प्रेगाबालिन दिली असेल तर ती दुखण्या-झिणझिण्यांसाठी आहे, वाढीसाठी नाही, आणि ती मनाने एकदम बंद करू नका. फक्त या मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर बी-सिक्स किती आहे ते वाचा आणि दोनतीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या एकत्र चालू नाहीत ना ते बघा, कारण बी-सिक्स महिनोनमहिने जास्त प्रमाणात पोटात गेलं तर त्यानेच हातपाय बधिर होतात, आणि मग करंगळीचं बधिरपण जखमेचं की गोळ्यांचं हे शोधत बसावं लागेल.